शील घेतल्यानंतरचे पहिले चार दिवस



संस्थेच्या कार्यकारिणीने व्यसनमुक्तीवर बोलण्याचे निमंत्रण दिले तेव्हा आम्ही एक अट घातली होती. दारूचे दुष्परिणाम या विषयावर आम्ही बोलणार नाही. दारूने घराची धूळधाण होते हे या सभागृहात कोणाला सांगायचे? समोर बसलेल्या माता-भगिनींना ते आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि पिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. आम्ही चार-पाच जण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील रुग्णांसोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहतो. आम्ही डॉक्टर नाही. त्या रांगेत उभे राहून जे कळले आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पंचशीलातील पाचवे शील आपण सर्वजण रोज म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास एखादा पिणारा माणूस विहारात येतो, सर्वांसमक्ष हात जोडतो आणि उद्यापासून बंद असे जाहीर करतो. टाळ्या वाजतात. त्याची बायको पदराने डोळे पुसते. त्याचा संकल्प शंभर टक्के खरा असतो, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हा माणूस दहा-पंधरा वर्षे रोज पिणारा असेल, सकाळी उठल्यावर हात थरथरू नये म्हणून पिणारा असेल, तर खरा धोका त्या टाळ्यांनंतर सुरू होतो, आणि त्या धोक्याविषयी विहारात कोणी बोलत नाही.

दारू मेंदूचे काम मंद करते. वर्षानुवर्षे ती रोज मिळत राहिली की त्या मंदपणाविरुद्ध जोर लावून काम करायची सवय मेंदू लावून घेतो. दारू एकाएकी थांबली तरी तो जोर लगेच थांबत नाही. हातगाडी ढकलणाऱ्या माणसासमोरून गाडीच अचानक ओढून घेतली तर तो जसा तोंडावर आपटेल, तशी मेंदूची गत होते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, उलट्या होतात, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आयुष्यात कधी आली नसली तरी येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांची अवस्था फार बिघडते. अंगात ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासे होते, भिंतीवर किडे-मुंग्या-साप दिसू लागतात, मेलेली माणसे दारात उभी दिसतात, तो हवेतून काहीतरी वेचत बसतो. वैद्यकशास्त्र याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणते. यावर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. सर्वांनाच असे होते असे नाही, बहुतेकांची थरथर काही दिवसांत ओसरते. मात्र ज्याला पूर्वी एकदा फिट आली आहे किंवा भ्रम झाला आहे, त्याला पुढच्या खेपेस तसे होण्याचा संभव अधिक असतो.

आता हेच दृश्य चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कसे दिसत असेल याचा विचार करावा. तीन दिवस न पिता राहिलेला माणूस मध्यरात्री किंचाळून उठतो आणि कोपऱ्यात कोणीतरी बसले आहे म्हणून सांगू लागतो. घरात म्हातारे माणूस असेल तर ते म्हणते, बाहेरचे आहे. मग अंगारा येतो, लिंबू येते, भगत येतो, कधी दोरखंडही येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा रात्री दोन वाजता अंगारा येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भीतीपुढे माणसाचे काही चालत नाही. ज्या घरात अनुभव असतो तिथे वेगळाच उपाय होतो. एक क्वार्टर आणून त्याला पाजली जाते. अर्ध्या तासात तो शांत होतो. दुसऱ्या दिवशी सारी वस्ती म्हणते, बघा, चार दिवसही शील पाळता आले नाही. त्याला मनाचा दुबळा ठरवून सगळे मोकळे होतात, आणि तोही स्वतःला तसाच समजू लागतो. पुढच्या जयंतीला तो विहाराच्या आसपास फिरकत नाही.

बंधूंनो, या चार दिवसांवर औषध आहे, ते जुने आहे आणि महागही नाही. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या गटातील गोळ्या किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरावीक मात्रेत देतात आणि रोज थोडी थोडी कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद करतात. यकृत खराब झालेले असेल तर लोराझेपामसारखे वेगळे औषध निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. या थायमिनविषयी थोडे जास्त बोलायला हवे. पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी झालेले असते. आपल्याकडे अशक्तपणा आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची बाटली लावा असा आग्रह धरण्याची पद्धत आहे. पिणाऱ्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते; स्मरणशक्ती जाते, ती पुष्कळदा परत येत नाही. तेव्हा सलाइन लावायला सांगण्याआधी हा माणूस रोज पितो, एवढे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालावे.

या चार दिवसांसाठी वेगळी इमारत, वेगळे व्यसनमुक्ती केंद्र असलेच पाहिजे असेही नाही. साध्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात, फिजिशियनच्या देखरेखीखाली हे उपचार होऊ शकतात. आमचे सगळे म्हणणे याच मुद्द्यावर उभे आहे.

आपल्या भागाचा इतिहास पाहा. कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आयुध निर्माणी, विम्को, धरमसी मोरारजी, शहाडला सेंच्युरी रेयॉन यांच्यामुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आपली माणसे इथे आली. १९७२ च्या दुष्काळानंतर आणखी आली. तीन पाळ्यांचे काम, रसायनांचा वास, घरापासून दूर एकट्याने राहणे, पुढे पाळी सुटली की गुत्ता. त्यानंतर जुने कारखाने एकामागून एक थांबले, जीन्सचे कारखाने आणि कंत्राटी कामे आली, बदलापूरला इमारती वाढल्या आणि भल्या पहाटेची लोकल पकडणारी नवी पिढी तयार झाली. दारू तीच राहिली, शेजारी नवनवे पदार्थ येत गेले.

अशा या पट्ट्यातील गरिबाचा आधार म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनमधील शासकीय मध्यवर्ती रुग्णालय. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, परंतु जास्त झाले की रिक्षा शेवटी कॅम्प तीनकडेच वळते. कर्जत, मुरबाडकडचे लोकही तिथेच येतात. आता त्या रुग्णालयात पिणारा माणूस काय म्हणून दाखल होतो? रक्ताची उलटी झाली म्हणून, कावीळ झाली म्हणून, पोटात स्वादुपिंडाची कळ आली म्हणून, क्षयरोगाचे औषध अर्धवट सोडले म्हणून, गाडीतून पडून पाय मोडला म्हणून. दारू हा रोग म्हणून कोणी त्याला आणत नाही. पाय मोडलेला माणूस हाडांच्या वॉर्डात पडतो, तिथे दारू मिळत नाही, आणि तिसऱ्या दिवशी प्लॅस्टर घातलेल्या पायानिशी तो खाटेवरून उतरू पाहतो, किडे दिसतात म्हणून ओरडतो. वॉर्डातले लोक म्हणतात, वेड लागले. वास्तविक पहिल्याच दिवशी नातेवाइकांनी खरे सांगितले असते तर डॉक्टरांनी आधीच औषध सुरू केले असते. पण केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, पितात का? आणि आमची वहिनी मान हलवून म्हणते, नाही हो, कधीतरी सणासुदीला. नवऱ्याची अब्रू झाकायला ती खोटे बोलते. वहिनी, आमची कळकळीची विनंती आहे, त्या एका प्रश्नाला खरे उत्तर द्या. शेवटची कधी प्यायली, रोज किती, सकाळी लागते का, पूर्वी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतात का, हे सगळे सांगा.

जवळच्या साध्या रुग्णालयाचा आग्रह आम्ही धरतो त्याला आणखी एक कारण आहे. लोकलच्या डब्यात कोणी जरा विचित्र बोलला की दुसरा म्हणतो, याला ठाण्याला पाठवा. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्याची ही चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालये. ठाण्याला उपचार घेऊन बरे झालेले लोक आम्हाला माहीत आहेत आणि तिथे जाण्यात काही कमीपणा नाही. परंतु त्या गावाचे नावच आपल्या भाषेत शिवी होऊन बसले असेल तर बदलापूरचा माणूस नुसत्या नावाने मागे फिरतो. त्याला कॅम्प तीनमध्ये जायला लाज वाटत नाही. तिथे तो कावीळ दाखवायला गेला असेही सांगता येते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यातील ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असा तिचा अंदाज. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळाल्याचे आढळले, आणि दाखल करून उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. आपल्या गल्लीत ३८ मोजून पाहा.

इतर पदार्थांविषयी थोडक्यात. तरुणांत ज्याला बटन म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांचे दारूसारखेच आहे, त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगरचे, आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचे तसे नाही. ते बंद केल्यावर जी टर्की येते ती भयंकर वेदनेची असते, पण ती सहसा जीव घेत नाही. धोका नंतर असतो. महिनाभर बंद राहिलेल्या मुलाने पुन्हा पूर्वीच्याच मात्रेत घेतले तर शरीराला ते पेलत नाही आणि श्वास थांबतो. एमडी फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात आले. ते घेणाऱ्या मुलाचा संशयी स्वभाव, रात्र रात्र जागणे हे आईवडिलांना अभ्यासाचे टेन्शन वाटते. विद्यार्थी मित्रांनो, पोलिसांची भीती वाटून मित्राला दवाखान्यात नेणे टाळू नका. १९८५ च्या कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, स्वतः सेवन करणारा आणि अल्प मात्रेपुरताच आरोप असलेला माणूस स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे.

चार दिवस सुखरूप पार पडले की शरीरातली दारू गेली. डोक्यातली जायला वेळ लागतो. याबाबतीत महाराष्ट्राने देशाला दाखवण्यासारखे काम केले आहे. पुण्यात गर्दचा सुळसुळाट झाला तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट त्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. मुक्तांगणची घडी त्यांनी बसवली. त्या १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली गेले. आम्हाला यातली जागा महत्त्वाची वाटते. सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, सरकारी भिंतींच्या आत, समाजाने आपली संस्था उभी केली. तिथे रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात, पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसे कार्यकर्ते म्हणून काम करतात, ३५ दिवसांचा मुक्काम असतो, बायकांसाठी सहचरी नावाचा गट भरतो, आणि व्यसनी स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. होय, स्त्रियाही व्यसनी असतात. मशेरीपासून झोपेच्या गोळ्यांपर्यंत. त्यांच्याबद्दल आपण फारच गप्प बसतो.

पण सगळ्यांना पस्तीस दिवस पुण्याला राहता येत नाही. रोजंदारीवरच्या माणसाचे पस्तीस दिवस म्हणजे घरभाडे थकले. त्याच्यासाठी गोव्याकडे पाहावे. संगाथ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यातले पुरुष अपायकारक प्रमाणात पिणारे होते, पूर्णपणे आहारी गेलेले त्यात धरलेले नव्हते. निम्म्यांशी डॉक्टर नसलेल्या, त्याच भागातल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलणी केली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के अपायकारक पिण्यातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. फरक दहाचा दिसतो. पण तो बारावी-पदवी झालेल्या मुलामुलींनी घडवला, आणि आपल्या वस्तीत पदवी घेऊन घरी बसलेली मुले किती आहेत हे आम्ही सांगायला नको.

पिणे आणि मनाचा आजार हे पुष्कळदा एकाच घरात राहतात. उदासीनता आधी आणि दारू नंतर, किंवा दारू आधी आणि उदासीनता नंतर. दारू सुटून महिना झाला तरी माणूस कोपऱ्यात बसून असेल, जेवत नसेल, मरणाचे बोलत असेल, तर आता काय झाले याला, पीत तर नाही ना, असे म्हणू नये. त्याला पुन्हा मानसोपचाराच्या ओपीडीत न्यावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात मानसिक आजारातच धरले आहेत, माणसाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. निकालाच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे. टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

भगिनींना एक सावधगिरीची सूचना. गाडीच्या डब्यात जाहिराती चिकटवलेल्या असतात, पिणाऱ्याला नकळत औषध देऊन दारू सोडवतो म्हणून. असल्या पुड्या घेऊ नयेत. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे, ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन देतात. भाजीत कालवून द्यायचा हा पदार्थ नाही.

आता संस्थेकडून आम्हाला काय हवे ते सांगतो. पैसे नकोत. सोबत हवी. रुग्णाला घेऊन रांगेत उभे राहायचे, केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी खरे बोलायचे, रात्री वॉर्डात पाळीपाळीने बसायचे, म्हणजे एकट्या बायकोवर सगळा भार पडत नाही. दुसरी गोष्ट, विहारात कोणी दारू सोडण्याचा संकल्प केला तर टाळ्या वाजवण्याआधी पदाधिकाऱ्यांपैकी एकाने त्याला बाजूला घेऊन विचारावे, बाबा रे, सकाळी हात थरथरतात का? होय म्हणाला तर त्याने त्याच दिवशी घरी बसून एकाएकी बंद करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण त्याच्याबरोबर रुग्णालयात जायचे आणि डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, त्या पद्धतीने बंद करायचे. त्याच्या संकल्पाची तारीख चार दिवसांनी पुढे गेली म्हणून काही बिघडत नाही. तिसरी, तो घसरला तर त्याचे नाव काढून टाकू नये. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली म्हणून आपण त्याला विहाराबाहेर काढत नाही. चौथी मागणी शासनाकडे आहे: अशा प्रत्येक रुग्णालयात पहिल्या चार दिवसांसाठी काही खाटा आणि थायमिनचा कायमचा साठा असावा, आणि मानसोपचाराच्या ओपीडीचा वार मोठ्या अक्षरात मराठी, हिंदी आणि सिंधीत बाहेर लिहिलेला असावा. या निवेदनाचा मसुदा आम्ही आणला आहे, सभा संपल्यावर दाराशी टेबलावर ठेवलेला असेल, सह्या कराव्यात.

सोबतीला येऊ शकणाऱ्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात नाव आणि कोणती पाळी जमेल ते लिहून द्यावे. रात्रीच्या पाळीला माणसे कमी पडतात. येताना रुग्णाचे आधारकार्ड, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या, पाण्याची बाटली आणि एक चादर घ्यावी. वॉर्डात डास फार असतात. काही शंका असतील तर चहाच्या वेळी विचाराव्यात. जयभीम.